आत्यांच्या मागे दिंडीची पंगत: वर्षाच्या आत घालावी का?

निळी_शाई

इतकी वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबला तर सांभाळून घ्या.

आमच्या सासूबाई गेल्या कार्तिकात गेल्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून इथेही आत्याच लिहिते. गाव तरडगाव, तालुका फलटण. वारी केलेल्यांना गाव लगेच कळेल. माउलींची पालखी लोणंदहून निघते, वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं आणि त्या रात्रीचा मुक्काम आमच्या गावात. घरी परभणीकडची एक दिंडी उतरते, शंभर-सव्वाशे माणसं. सासऱ्यांच्या आजोबांपासून उतरते म्हणतात, लेखी काही नाही. दिंडीचे विणेकरी बदलले, घरातल्या सुना बदलल्या, उतरायची जागा तीच राहिली.

जेवण ठरलेलं: पिठलं, भाकरी, ठेचा. पहाटे निघताना चहा. नणंदेने एका वर्षी बुंदीचं काढलं तर आत्या म्हणाल्या, "चालणाऱ्याला बुंदी घालून काय निजवायचंय का?"

आत्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. धाकटे दीर झाल्यावर आळंदीला जाऊन त्यांनी ती घेतली. सासरे माळकरी नव्हते. मटण परसात वेगळ्या चुलीवर शिजायचं, मसाला आत्याच वाटून द्यायच्या, पातेलं मात्र घरात यायचं नाही. रोज संध्याकाळी हरिपाठ, कार्तिकात पहाटे देवळात काकडा. एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी, दुसऱ्या दिवशी बारस सोडायची. कांदेनवमीला भजी झाली की चार महिने कांदा, लसूण, वांगं बंद. हे बंद फक्त स्वतःला. आम्हाला करून घालायच्या. शाळा चौथीपर्यंतच झालेली. ज्ञानेश्वरीच्या ९०३३ ओव्या सात दिवसांच्या पारायणात बायकांच्या बरोबरीने वाचणं जमायचं नाही, म्हणून आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचं वाचून ठेवायच्या. मला विचाराल तर त्यांची खरी शाळा तीच.

माझं देवाशी फारसं जमत नाही. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आषाढीच्या सुमाराला मी त्यांना तसं सांगितलं होतं, जरा तोऱ्यातच. त्या म्हणाल्या, "बरं. मग भाकऱ्या थापायला ये." विषय संपला. पुढे कधीही पूजा कर, उपास धर, असं त्यांनी म्हटलं नाही.

आणखी एक सांगते. त्याच पहिल्या वर्षी नेमकी मुक्कामाच्या दिवशी मला पाळी आली. थोरल्या जाऊबाई बाजूला बस म्हणाल्या. आत्यांनी चुलीपुढूनच विचारलं, "दिंडीतल्या बायका एवढे दिस चालत्यात, त्यांना येत न्हाई व्हय? त्या काय फलटणात बाजूला बसत्यात?" सोयराबाईंचा विटाळावरचा अभंग त्यांना पाठ होता. तो म्हणतच त्यांनी माझ्यापुढे परात सरकवली.

आता प्रश्न. यंदा आत्या नाहीत. थोरले चुलत सासरे म्हणतात, वर्ष झालेलं नाही, घरात पंगत उठायची नाही. नवऱ्याचं म्हणणं, दिंडीला शिधा आणि पैसे देऊन टाकू, घर आता बंदच असतं (आम्ही पुण्यात, दीर सुरतेला). नणंदेला देवळाच्या सभामंडपाला देणगी देऊन फरशीवर आत्यांचं नाव घालायचं आहे. मला पंगत घालायची आहे, आणि ज्या बाईला पूजा येत नाही तिने हा हट्ट का धरावा याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही.

शिवाय, त्यांच्या अंगावरची माळ त्यांच्याबरोबर गेली. पण दोरा तुटला म्हणून बदललेली एक जुनी माळ डब्यात सापडली आहे. तिचं काय करतात?

इंद्रायणीकाठ

रामकृष्णहरी. आत्यांना नमस्कार.

आधी सुतकाचं. सुतक तेरा दिवसांचं. पुढे वर्षभर लग्नकार्य करत नाहीत, सण साधे करतात, ते तुमचे चुलत सासरे बरोबरच सांगताहेत. पण आमच्याकडे कार्य वेगळं आणि नेम वेगळा धरतात. कार्य पुढे ढकलता येतं. नेम मोडला की मोडला. माझे वडील गेले तेव्हा आळंदीहून प्रस्थान व्हायचं होतं. भाऊ तेरावं आटोपून थेट फलटणला दिंडीत जाऊन मिळाला. कुणी हरकत घेतली नाही, उलट विणेकऱ्यांनी वडिलांचे टाळ त्याच्या हातात दिले. चुलत सासऱ्यांना एवढंच विचारा, पालखी दारात आल्यावर यंदा तुम्ही दर्शनाला जाणार नाही का?

माळेचं असं. माळ वारशाने येत नाही. ती ज्याची त्याने घ्यायची असते, फडाच्या महाराजांकडून नाहीतर जाणत्या माळकऱ्याकडून, आणि घेताना कबूल करायचं असतं: मांस-दारू नाही, एकादशी धरीन, वारी करीन, रोज हरिपाठ म्हणीन. आठवण म्हणून सासूची माळ गळ्यात घातली असं होत नाही. १०८ मण्यांचं ओझं त्या कबुलीचं असतं. जुनी माळ आमच्याकडे इंद्रायणीत किंवा चंद्रभागेत सोडतात, नाहीतर तुळशीच्या बुंध्याशी मातीत ठेवतात. जपून ठेवलीत तरी पाप नाही. अंगावर मात्र घालू नका.

फरशीचं म्हणाल तर नणंदबाईंना सांगा, फरशीवर नाव घातलं की माणसं त्यावर पाय देऊनच आत जातात.

कोयनाकाठी

नेम आणि कार्य, हे पटलं. +१

तर्कट

कटू बोलतो, राग मानू नका. श्रद्धा सासूची आणि राबणं सुनेचं, हा आपल्याकडचा जुना हिशेब आहे. धाग्यात नवरा आहे, दीर आहे, चुलत सासरे आहेत. तिघांची मतं आहेत. यातला भाकरी कोण थापणार? सव्वाशे माणसांच्या जेवणाचे पैसे गावातल्या मुलींच्या सायकलींना द्या, आत्यांचं नाव जास्त काळ राहील. तुमची श्रद्धा नाही म्हणता, मग हा भावनेचा भुर्दंड कशाला?

निळी_शाई

@तर्कट, राग नाही. पहिल्या भागाशी मी शंभर टक्के सहमत आहे आणि तो प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला आहे.

सायकलींबद्दल म्हणाल तर देऊ की. पण एक देऊन दुसरं टाळायचं का? दिंडी दारात येते तेव्हा समोर माणूस असतो, ओला, पाय सुजलेला. देणगीची पावती फाडताना तो दिसत नाही. आत्यांनी जे केलं ते समोरच्याला बघून केलं. मला त्यांच्या विठ्ठलाबद्दल काही म्हणता येणार नाही, पण त्या माणसांना मी ओळखते. त्यातल्या एका म्हातारबाबांना माझ्या मुलीची इयत्ता दरवर्षी बरोबर आठवते.

सातपुडा

नागपूरहून लिहिते आहे. आम्ही बौद्ध. मला पंढरपूरचा विषय सोपा जात नाही, म्हणून आधी तो सांगते. चोखोबांची समाधी महाद्वारात, नामदेव पायरीच्या समोर आहे, म्हणजे दाराबाहेर. त्यांच्या समाजाला देवळात जायला १९४७ साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. त्यामुळे वारीतली समता कुणी सांगू लागलं की माझा पहिला प्रश्न असतो, पंगतीत कोण कोण बसायचं? तुम्हालाही तोच विचारते.

आता आमच्या आईंबद्दल (सासूबाई). १४ ऑक्टोबर १९५६ ला त्या वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर होत्या. आठवत फक्त पांढरी लुगडी आणि धूळ, असं त्या सांगायच्या. पण त्या दिवसावर त्यांनी सगळं आयुष्य उभं केलं. घरातले जुने देव त्यांच्या वडिलांनी विसर्जित केले होते, आणि पुढे कोणत्याही आजारपणात, कोणत्याही अडचणीत आईंनी ते परत आणू दिले नाहीत. वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात बाबासाहेबांच्या ग्रंथाचं रोज वाचन चालतं. आई तिथे दुपारी वाचायच्या. डोळे गेल्यावर दुसरीने वाचायचं आणि यांनी चुकलं की थांबवायचं.

त्या गेल्यावर आम्ही तेरावं केलं नाही, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केला. वर्षावास सुरू झाला तेव्हा विहारातल्या बायकांनी मला बोलावणं धाडलं, आईंची पाळी कोण वाचणार म्हणून. मी बँकेत आहे, दुपारी कशी जाणार? आता रविवारचं वाचन माझ्याकडे आहे. बाकीचे दिवस इतर जणी बघतात. सगळं एकटीने उचलायचं नसतं, एवढं तुम्हाला सांगायचं होतं. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या.

निळी_शाई

@सातपुडा, प्रश्न रास्त आहे, उत्तर खरं तेच देते.

आजेसासूबाईंच्या काळात दिंडीची पंगत अंगणात बसायची आणि गावातली काही माणसं वाड्याबाहेर, वेगळी. भाकऱ्या वरून टाकल्यासारख्या वाढायचे, असं आत्यांनीच सांगितलं आहे. आत्यांच्या हातात स्वयंपाक आला त्या वर्षी त्यांनी बाहेरची पंगत मांडलीच नाही. भांडण नाही, भाषण नाही. सगळ्या पत्रावळ्या अंगणात एका ओळीत टाकल्या आणि वाढायला लागल्या. आजेसासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. आत्याही मग जेवल्या नाहीत, म्हणाल्या दोघींचाही उपास घडला.

त्यानंतर २०२० साल. आळंदीहून पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, दिंड्या नाहीत, रस्ता रिकामा. मुंबईहून परतलेली माणसं तेव्हा गावोगावी शाळेत ठेवलेली होती आणि भीतीपोटी त्यांच्याजवळ कुणी जाईना. पालखीचा मुक्काम असता त्या दिवशी आत्यांनी नेहमीसारखी चूल पेटवली. पिठलं-भाकरी केली, दिरांच्या गाडीतून शाळेच्या फाटकापर्यंत नेली. फाटकाबाहेर ठेवून हाक मारली आणि लांब उभ्या राहिल्या. हे त्यांनी फोनवर मला अगदी सहज सांगितलं, भाजीचे भाव सांगावेत तसं. २०२१ लाही पालखी बसनेच गेली. तेव्हा शाळा रिकामी होती, मग पंगत आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर आणि आशाताईंना गेली.

खाडीपलीकडे

मी वसईची, कॅथलिक. धागा वाचून सासूची फार आठवण झाली. आम्ही तिला आयच म्हणायचो.

आय लहान असताना मिस्सा लॅटिनमध्ये असायची. अर्थ काही कळत नव्हता पण तिला प्रार्थना तोंडपाठ. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठीत उपासना सुरू झाली, तेव्हा तिला म्हणे पहिल्या रविवारी रडू आलं होतं. इतकी वर्षं आपण काय म्हणत होतो ते कळलं म्हणून. तरी रात्री एकटी असली की लॅटिनच म्हणायची. विचारलं तर सांगायची, "देवाला दोन्ही येतात."

ऑक्टोबर हा आमच्याकडे रोझरीचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना. आमच्या आळीत रोज एका घरी सगळे जमतात, शेवटी चणे किंवा केळी वाटतात. आय गेल्यावर पहिल्या ऑक्टोबरात आमचीही वर्षाच्या आतली अडचण निघाली होती, तुमच्या चुलत सासऱ्यांसारखे आमच्याकडेही एक काका आहेत. धर्मगुरूंना विचारलं तर हसले. म्हणाले, "मेलेल्यांसाठी प्रार्थना करायला मेलेल्याचंच घर नको?" मग आमच्याच घरापासून सुरुवात झाली.

तिची रोझरी तिच्या हातात गुंफूनच पेटीत ठेवली. २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्त्या लावायला जातो तेव्हा माझा मुलगा हिशेब करतो, आजी आता कितव्या मण्यावर असेल. त्याला गप्प बसवत नाही मी.

मुदपाकखाना

भावनिक प्रतिसाद झाले असतील तर पिठाकडे वळू या. मी मंगल कार्यालयात स्वयंपाक बघते, आकडे माझ्या हातचे आहेत.

सव्वाशे माणसं, चालून आलेली. सरासरी अडीच भाकऱ्या, म्हणजे ३१५ धरून चाला. किलोभर ज्वारीच्या पिठाच्या मध्यम नऊ-दहा होतात, तेव्हा ३५ किलो पीठ ठेवा. पीठ फार आधी दळून ठेवू नका, विरी (पिठाचा चिकटपणा) गेली की भाकरी थापताना चिरते आणि नवख्या बायका रडकुंडीला येतात. पिठल्याला बेसन ७ किलो, किलोला पाच-सहा लिटर पाणी. बेसन गार पाण्यात कालवून मग उकळीत घाला, सव्वाशे माणसांच्या पातेल्यात गुठळी फोडत बसायला वेळ नसतो. काहींना कांदा-लसूण चालत नाही, त्यांच्यासाठी एक पातेलं हिंग-जिऱ्याच्या फोडणीचं वेगळं काढा आणि त्याचा डाव दुसऱ्यात घालू नका.

एका तव्यावर सराईत बाई तासाला पंचवीसएक भाकऱ्या काढते. सहा तवे, सव्वादोन तास. सहा सराईत बाया मिळत नसतील तर गावाकडची जुनी रीत वापरा: घरोघरी पीठ नाहीतर निरोप पाठवायचा आणि संध्याकाळी पाट्या घेऊन भाकऱ्या गोळा करायच्या. तुम्ही फक्त पिठलं आणि ठेचा बघा. पिठलं ढवळायला ताकद लागते, ते पुरुषांना द्या. @तर्कट, तुम्ही येताय का?

तर्कट

आलो असतो. ठेचा झेपत नाही.

पाऊलखूण

मी परभणी जिल्ह्यातलाच, दिंडी वेगळी. चालणाऱ्याच्या बाजूनं सांगतो.

दमलेल्या माणसाला ताटात काय पडलं ते फार लक्षात राहत नाही. लक्षात राहतं ते असं: कोरडी जागा, गरम पाणी, बायकांना आडोसा आणि संडास, मोबाईल चार्ज करायला एक लांब बोर्ड. दारात पाण्याचं पिंप आणि एक मग ठेवला तरी लोक दुवा देतात. तुमच्या आत्याबाई पायाला लावायला तेल गरम करून द्यायच्या का? आमच्या मुक्कामाच्या एका घरात देतात. आमच्या आईनं तिथल्या म्हातारीसाठी घरचे तीळ नेले होते. म्हातारी वारलेली होती, तिच्या सुनेनं तीळ घेतले आणि आईला आत नेऊन फोटो दाखवला. आई पुढं पंढरपूरपर्यंत त्या सुनेचंच बोलत होती.

दुसरं, काय ठरवायचं ते लवकर ठरवा आणि दिंडीच्या मालकांना कळवा. त्यांना तंबू, ट्रक, पाण्याचा टँकर, सगळं जुळवावं लागतं. तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंच केला की सगळ्या दिंड्या गप्प होतात, आणि ज्या दिंडीची तक्रार आहे तिचेच टाळ वाजत राहतात. तुमच्यापायी त्यांना टाळ वाजवत ठेवायला लावू नका!

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत सासूबाई गेल्यापासून एकादशी कधी आहे हे सांगणारं कुणी उरलं नाही. त्या भारतातून आदल्या रात्री फोन करायच्या, "उद्या एकादशी, लक्षात आहे ना?" नसायची. आता कॅलेंडरमध्ये गजर लावला आहे. उपास धरत नाही. गजर मात्र बंद केलेला नाही.

निळी_शाई

सगळ्यांचे आभार. बऱ्याच गोष्टी घडल्या, एकत्र लिहिते.

रविवारी गावी जाऊन आलो. चुलत सासऱ्यांना @इंद्रायणीकाठ यांचा प्रश्न विचारला. ते बराच वेळ पानाचा डबा उघडत-मिटत बसले. मग म्हणाले, दर्शनाला न जाऊन कसं चालेल? आणि मग, पंगत होऊ दे, पण मंडप नको, आमंत्रणं नकोत, स्पीकर नको. मी म्हटलं, हे तिन्ही आत्यांनाही नको असायचे. त्यावर ते गप्प झाले. तांदूळ मात्र माझ्याकडून घ्या म्हणाले. पंगतीत भात नसतो हे मी त्यांना सांगितलं नाही, यंदा भात करू.

दिंडीच्या मालकांना फोन केला. आत्या गेल्याचं त्यांना कळलं होतं, तळावरच तंबू टाकायचं त्यांच्या मनात होतं. विचारायला संकोचत होते. आता घरीच उतरतील. रात्री अंगणात हरिपाठ होईल आणि त्यातले एक बुवा थोडा वेळ कीर्तनाला उभे राहतील. @पाऊलखूण, तेलाचं विचारलं. हो, आत्या द्यायच्या, मोहरीचं, ओवा घालून. मला हे माहीतच नव्हतं, कारण मी त्या वेळी चुलीपाशी असायचे. मालकांनीच सांगितलं.

भाकऱ्या घरोघरच्या येतील. गावातल्या बायकांची यादी करायला बसले तर यादी माझ्या आधी तयार होती. २०२० मध्ये शाळेत राहिलेल्या कुटुंबातल्या दोघी जणी स्वतः आल्या आणि पन्नास भाकऱ्या आमच्या म्हणून सांगून गेल्या. पिठलं नवरा आणि दीर. दिरांनी सुरतेहून सुट्टी टाकली आहे, घरी एकदा दोन किलोची रंगीत तालीमही केली. गुठळ्या झाल्या.

नणंदेची फरशी रद्द. त्या पैशात संडासांची दुरुस्ती आणि एक पाण्याची टाकी करतो आहोत. टाकीवर नाव घालायला तिने कबूल करून घेतलं आहे, त्यावर कुणी पाय देणार नाही.

जुनी माळ सध्या डब्यातच आहे. दिंडीतले ते म्हातारबाबा पंढरपूरला चंद्रभागेत सोडीन म्हणाले आहेत, त्यांच्या हाती द्यायची की नाही ते अजून ठरलेलं नाही. मुलगी नको म्हणते.

मी हरिपाठाला बसणार आहे का, असं एकाने व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) विचारलं आहे. बसेन, भाकऱ्या मोजून झाल्या तर.

कोयनाकाठी

मी आणि माझी जाऊ कराडहून येतो. दोघी सराईत आहोत. तवा आणायचा का?

निळी_शाई

तवे आहेत. परात आणा.